डॅनिश लोकनाचाचे कपडे घरी कसे शिवायचे, आपल्या कोकणातल्या कापडात

शाळेचं गॅदरिंग असू दे नायतर मंडळाचा कार्यक्रम, "देशोदेशीचे नाच" ही थीम आता आपल्याकडे तालुक्याच्या गावातसुद्धा असते. एखादा ग्रुप युरोपचा जोडीनाच घेतो, युट्यूबवर बघून मुलं स्टेप्स पटापट उचलतात, आणि कपड्यांची वेळ आली की भाड्याच्या दुकानातून सॅटिनचे चमचमते फ्रॉक येतात. ते कुठल्याच देशाचे नसतात, काखेत काचतात, गिरकी घेतली की पायात येतात. माझं म्हणणं आहे की ते भाडं देऊच नका, त्या पैशात कापड आणा आणि गावातल्याच मशीनवर शिवा. मी इथे डॅनिश नाचाचा पोशाख घेतलाय, तोसुद्धा डेन्मार्क सोडून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तिकडे शिवला तसा. तोच का, ते आधी सांगते, मग कात्री हातात घेऊ.

१८६४ च्या लढाईत डेन्मार्कचा श्लेस्विगचा मुलूख गेला, खेड्यात जमिनी पुरेनात, आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत तीन लाखांच्या आसपास माणसं अमेरिकेला गेली. आयोवात एल्क हॉर्न आणि किंबलटन, मिनेसोटात टायलर, नेब्रास्कात ब्लेअर, विस्कॉन्सिनमध्ये रसीन, आणि कॅलिफोर्नियात १९११ साली वसवलेलं सोलव्हँग, अशी त्यांची गावं झाली. आता गंमत बघा, डेन्मार्कच्या खेड्यातले ते भागाभागाचे पोशाख ऐन भरात होते साधारण १७५० ते १८५०, म्हणजे ही माणसं बोटीत बसली तोपर्यंत बहुतेकांच्या अंगावरून ते गेलेलेच होते, सगळे साध्या शहरी कपड्यात आले. नाचाचे कपडे नंतर आले. कोपनहेगनमध्ये १९०१ साली लोकनाच जपायला संस्था निघाली, तिकडच्या लोकशाळांमध्ये, म्हणजे खेड्यातल्या तरुण मुलामुलींच्या निवासी शाळांमध्ये, कवायत आणि नाच शिकवायला लागले, आणि तशाच शाळा या लोकांनी अमेरिकेतही काढल्या होत्या, एल्क हॉर्नला १८७८ मध्ये आणि टायलरला डॅनेबोड नावाची १८८८ मध्ये. सगळ्यांनाच नाच पसंत होता असं मात्र नाही, एक गट नाच म्हणजे पाप मानणारा होता, दुसरा ग्रुंटविग या पाद्र्याच्या विचाराचा, गाणं-नाच-गोष्टी सगळं हवं म्हणणारा, आणि १८९४ मध्ये त्यांचं चर्चसुद्धा फुटलं. ज्या गावात हा दुसरा गट होता तिथे नाच टिकला, आणि नाच आला म्हणजे कपडे आलेच. ते बायकांनी घरी शिवले, दुकानात मिळेल त्या सुती कापडात, जुने फोटो आणि आजीची आठवण यांच्या आधारावर.

म्हणून मला हा पोशाख आपल्यासाठी योग्य वाटतो. गिरणगावातल्या खोलीत राहून गणपतीच्या जाखडीसाठी कपडे शिवून घेणाऱ्या चाकरमान्यांच्या घरात हे वेगळं समजावून सांगायला नको. आणि डेन्मार्क आपल्याला अगदी परका नाहीच, लार्सन अँड टुब्रो १९३८ साली मुंबईत काढली ती दोन डॅनिश इंजिनियरांनीच, आपल्याकडचे किती जण तिथे नोकरीला होते ते घरोघरी विचारून बघा.

पहिला निर्णय घ्यायचा तो हा, की एखाद्या ठरावीक भागाचा पोशाख करायचा की अमेरिकेतल्या वस्त्यांमध्ये दिसतो तसा सर्वसाधारण. डेन्मार्क छोटा देश असला तरी बेटाबेटाचा कपडा निराळा. फॅनो बेटावर भरपूर चुण्यांचे एकावर एक घागरे आणि डोक्याला रुमाल, लेसो बेटावर छातीवर चांदी, कोपनहेगनजवळच्या आमागरचा थाट निराळा, रोस्किल्डकडच्या हेडेबो पट्ट्यात पांढऱ्यावर पांढरं भरतकाम, ते तर जगभर नावाजलेलं. एखाद्या भागाचा करणार असाल तर डोक्यापासून पायापर्यंत त्याच भागाचा करा, एका बेटाची टोपी आणि दुसऱ्या बेटाचा घागरा असं नको, आपल्या कोळणीच्या लुगड्यावर कोणी घाटावरची पगडी घातलेली आपल्याला चालेल का. पहिल्यांदाच शिवणाऱ्यांनी मात्र सर्वसाधारण घ्यावा: लाल घागरा, काळी बिनबाह्यांची अंगी, पांढरा झगा, पांढरा नायतर चौकड्याचा एप्रन, खांद्यावर फुलाफुलांचा रुमाल, डोक्याला टोपडं. लाल-पांढरे म्हणजे डॅनिश झेंड्याचेच रंग, परदेशातल्या वस्तीत ते आवडीचे होणारच. आणि सूत्रसंचालन करणाऱ्याला स्पष्ट सांगून ठेवा की हा अमेरिकेतल्या डॅनिश वस्त्यांच्या धर्तीवरचा पोशाख आहे, अमक्या बेटाचा अस्सल म्हणून सांगू नका.

मापं घ्यायच्या आधी नाच बघा, नीट बघा, कारण कापड कसं कापायचं ते नाच सांगतो. "सोंडरहोनिंग" घेतलात तर जोडी एकमेकांना कमरेत धरून फिरतच राहते, म्हणजे पाठीकडे गाठी-हूक टोचता कामा नयेत. "तुरेवाली कोंबडी" नावाचा तिघांचा नाच आहे, त्यात हात वर करून कमान करतात आणि खालून जातात, म्हणजे काखेत भरपूर ढिलाई हवी नायतर पहिल्याच कमानीला झगा उसवला. आणि "सात उड्या" घेतलात, जो मुलांना सगळ्यात आवडतो, तर त्यात आळीपाळीने पाय, गुडघे, कोपरं आणि शेवटी कपाळ जमिनीला टेकवायचं असतं, तिथे मुलग्यांच्या तुमानी गुडघ्यात फाटतात आणि मुलींच्या घागऱ्याची लांबी कमी असेल तर बघवत नाही. मी क्लासमधल्या मुलींना सांगते की आधी जुन्या परकरावर आणि टीशर्टवर पूर्ण नाच नाचून दाखवा, कुठे ओढ बसते ते बघते, मगच खडू उचलते.

आता कापड. मूळचे डॅनिश घागरे लोकरीचे, किंवा उभा धागा लिननचा नायतर सुती आणि आडवा लोकरीचा, असे जाड. आपल्या हवेत लोकर नकोच, घाम येतो, सुकत नाही, पावसाळ्यात कसर लागते. घागऱ्याला केसमेंट नायतर जरा अंगाची हातमागाची सुती घ्या, उभ्या पट्ट्यांचं मिळालं तर फारच छान, कारण तिकडेही पट्ट्यांचे घागरे खूप होते. झग्याला कॅम्ब्रिक किंवा पातळ खादी, अंगीला काळी जाड पॉपलिन नायतर ड्रिल, आणि अस्तराला मांजरपाट, त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं अस्तर नाही. सॅटिन, टेरीकॉट, नायलॉनची जाळी यातलं काहीही आणू नका, दिव्याखाली चमकतं आणि अंगाला चिकटतं. रत्नागिरीच्या राम आळीत नायतर चिपळूणच्या बाजारात हे सगळं मिळून जातं, फक्त चांगली सुती लेस आणि विणलेली रिबिन कोणी मुंबईहून येणार असेल त्याच्याकडून भुलेश्वरहून मागवा, तिथे निवड जास्त.

कापड घरी आलं की आधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवून इस्त्री करायची, सुती कापड आटतंच, न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यात घागरा वर चढलाच म्हणून समजा. आणि लाल कापडाची परीक्षा वेगळी घ्या, ओलं करून पांढऱ्या फडक्यात घट्ट गुंडाळून तासभर ठेवा. फडक्याला रंग लागला तर दोन-तीनदा वेगळं धुऊन परत बघा, तरीही लागत असेल तर ते कापड दुसऱ्या कशाला तरी वापरा. घामाने लाल रंग पांढऱ्या एप्रनवर उतरला की तो डाग जात नाही, सगळी मेहनत वाया.

घागरा. उदाहरणाला आपण पाच फूट दोन इंच उंचीची, २८ इंच कमरेची मुलगी घेऊ. घागरा कमरेपासून ३१ इंच, म्हणजे घोट्याच्या बराच वर, पोटरीच्या खाली. नाचाचा घागरा जमिनीला टेकणारा कधीच करायचा नाही. कापताना ३७ इंच कापा: ३१ लांबीचे, ३ खालच्या दुमडीचे, १ वरचा शिलाईचा आणि २ इंचांची आडवी चूण घालायला, ती चूण पुढच्या वर्षी मूल वाढलं की उसवता येते. ४४ इंच पन्ह्याचे दोन तुकडे लाल कापडाचे, आणि पुढच्या बाजूला एप्रनखाली जो भाग झाकला जातो तिथे अर्धा पन्हा, म्हणजे २२ इंच, मांजरपाटाचा, जमलं तर लाल रंगवलेला. ही काटकसर माझी नाही, जुन्या डॅनिश घागऱ्यांतसुद्धा एप्रनखालची पट्टी स्वस्त कापडाची लावायची रीत होती, दिसतच नाही तर चांगलं कापड कशाला घाला. यामुळे लाल कापड सव्वादोन मीटरमध्ये भागतं आणि पंधरा-वीस मुलींचा ग्रुप असेल तर हा फरक खिशाला कळतो.

तुकडे जोडून झाले की घेर साधारण १०७ इंच होतो. मांजरपाटाच्या मधले १० इंच सपाट ठेवा, तिथे चुण्या घातल्या तर एप्रन पुढे फुगतो आणि पोट दिसतं. उरलेले ९७ इंच १८ इंचांत बसवायचे आहेत, म्हणजे पाचपट आणि वर थोडं जास्तच, मशीनच्या मोठ्या टाक्याने ओढलेल्या चुण्या इथे चालत नाहीत, त्या गोळा होतात. हाताने धावदोरा घाला, पाव इंच वर पाव इंच खाली, आणि अशा तीन ओळी एकाखाली एक, अर्ध्या-अर्ध्या इंचावर, प्रत्येक टाका वरच्या टाक्याच्या बरोब्बर खाली आला पाहिजे. खडूने नायतर पट्टीने आधी ठिपके मारून घ्या, कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केली तर घागरा बिघडलाच. दोरा दुहेरी, मजबूत, गोधडीचा चालेल. मग तिन्ही दोरे एकत्र ओढले की कापड आपोआप बारीक उभ्या घड्यांत बसतं. त्या घड्या नखाने सारख्या करून कंबरपट्टीला शिवायच्या. कंबरपट्टी साडेतीस इंच लांब, साडेतीन इंच रुंद, आतून बकरम नको, मांजरपाटाची दुहेरी पट्टी घाला, बकरम घामाने मऊ पडून गोळा होतं. घागऱ्याची फट मांजरपाट आणि लाल कापडाच्या जोडावर ठेवा, सात इंच, म्हणजे ती एप्रनखाली लपते. हूक पितळी किंवा स्टीलचेच, साधे लोखंडी हूक आपल्या खाऱ्या हवेत बघता बघता गंजतात आणि गंजाचा डाग कंबरपट्टीवर कायमचा राहतो.

खाली दुमडीच्या आत तीन इंच रुंद मांजरपाटाची पट्टी घाला. त्या वजनाने घागरा गिरकीत गोल उघडतो आणि थांबलं की लगेच खाली बसतो, नुसत्या पातळ कापडाचा घागरा वर उडून तिथेच अंगाला चिकटतो. बाहेरून खालच्या काठापासून तीन-चार इंचांवर काळी किंवा हिरवी रिबिन, एक रुंद आणि वर एक अरुंद, एवढं पुरे. रिबिन दोन्ही कडांना टीप मारून घ्या, एकाच कडेला मारली तर दुसरी कड वळते. आतून परकर आलाच, घरातला जुना सुती परकर दोन इंच आखूड करून घेतला तरी चालतो, आणि त्याच्या आत गुडघ्यापर्यंतची चड्डी सगळ्यांनी घालायची, हे मुलींना आधीच सांगून ठेवा म्हणजे आयत्या वेळी त्या अवघडत नाहीत.

अंगी म्हणजे ती काळी बिनबाह्यांची, पुढून दोरीने आवळायची. ज्यांना ब्लाऊज कापता येतो त्यांना हिचं काही अवघड नाही. नेहमीच्या ब्लाऊजचं ड्राफ्टिंग घ्या, बाह्या काढून टाका, लांबी कमरेपर्यंत आणा, मुंढा अर्धा इंच खोल करा कारण आत झग्याची ढगळ बाही असते, गळा पुढून छातीपर्यंत खोल आणि गोल नायतर चौकोनी. पुढे मध्यभागी दोन्ही बाजू एकमेकांना भिडवायच्या नाहीत, दीड-दोन इंच फट ठेवायची, दोरी आवळून ती भरते, आणि एकच अंगी पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीला होते ती या फटीमुळेच. मागचा भाग तीन तुकड्यांत कापा, एक मधला आणि दोन बाजूचे, म्हणजे पाठीला नीट बसते, एका तुकड्यात कापून टक्स घातले तर कमान करताना वर सरकते.

आत मांजरपाट दुहेरी. पुढच्या कडेला काळ्या कापडाची दीड इंची पट्टी आतून लावून मग छिद्रं, एका बाजूला पाच किंवा सहा. हातोडीने ठोकायचे धातूचे आयलेट बाजारात मिळतात पण ते ओढीने निघतात आणि भोवती हिरवट होतात, त्यापेक्षा दाभणाने भोक पाडून काजटाक्याने गोल भरून घ्या, वेळ लागतो, पण अशी भोकं कापड जुनं होईपर्यंत जात नाहीत. तिकडे जुन्या पोशाखात अशा जागी चांदीच्या कड्या आणि त्यांतून चांदीची साखळी असायची. आपल्याला करायचं असेल तर पितळेच्या छोट्या कड्या कडेच्या आतून शिवा आणि त्यांतून पांढऱ्या धातूची बारीक साखळी घाला, दिसतं फार सुंदर. पण लहान मुलांच्या नाचाला साखळी नकोच, जोडीदाराच्या बोटात अडकते, सुती गोंडेवाली दोरी बरी. मुंढा, गळा, खालची कड, सगळीकडे लाल क्रॉसपट्टीचा बारीक गोट, पाव इंचाहून जाड नको.

आणि एक गोष्ट जी मी सगळ्यांना आवर्जून करायला लावते: अंगीच्या आतून कमरेवर तीन जागी दोऱ्याच्या कड्या करा, पाठीला एक आणि दोन बाजूंना दोन, आणि घागऱ्याच्या कंबरपट्टीला तिथेच हूक लावा, तोंड आतल्या बाजूला. हात वर गेला की अंगी वर जाते आणि घागरा खाली, मध्ये पांढरा झगा बाहेर लोंबतो, हे युरोपियन नाच बसवणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये दिसतं आणि तीन हुकांत सुटतं.

झगा सगळा चौकोनी तुकड्यांचा, त्यात काही वाया जात नाही. दीड मीटर कॅम्ब्रिक, पन्हा ४४. पुढचा आणि मागचा तुकडा २२ बाय २७, शेजारी शेजारी बसतात. बाह्या दोन, २० बाय १९, त्याच्या बाजूला जी चार इंची पट्टी उरते त्यातून चार-चार इंचांचे दोन चौकोन काखेसाठी. शेवटच्या पट्टीतून गळपट्टी १६ बाय ३ आणि कफ ११ बाय ३ चे दोन. छत्तीस छातीपर्यंत हे माप चालतं, त्यापुढे मोठ्या पन्ह्याचं कापड घ्या. खांदे दोन्हीकडे साडेपाच-साडेपाच इंच शिवायचे, मधलं तोंड चुणून गळपट्टीत बसवायचं, पुढे सात इंच चीर आणि एक बटण. बाही सरळ लावायची, खांद्यापासून साडेनऊ इंचांवर खूण करून तिथपर्यंत, आणि त्या खुणेला काखेतला चौकोन तिरपा बसवायचा, दोन बाजू बाहीला, दोन बाजू अंगाला. जुन्या अंगरख्यात काखेला असा तुकडा असायचा, वयस्क शिंप्याला विचारलंत तर तो न बघता लावून देईल. हा चौकोन असला की हात कितीही वर करा, कुठेच ओढत नाही. गळपट्टीवर नायतर कफवर पांढऱ्या दोऱ्याचं भरतकाम करायची हौस असेल तर हेडेबोचे नमुने बघा, सोपे नाहीत, पण ज्या मुलींचा हात चांगला आहे त्यांना अशा कामात फार आनंद मिळतो.

एप्रनला फार डोकं लावायला नको. रुंदी ३० इंच, लांबी घागऱ्यापेक्षा तीन इंच कमी, वर चुणून १४ इंच, बंद लांब ठेवा म्हणजे मागून फिरवून पुढे बांधता येतात आणि पाठीची गाठ जोडीदाराच्या हाताखाली येत नाही. पांढऱ्याचा कंटाळा आला असेल तर चौकड्याचा करा, डेन्मार्कात रोजच्या वापराचे एप्रन चौकड्याचे आणि पट्ट्यांचे भरपूर असायचे. आपल्याकडे कोळी लोकांच्या रुमालाचं जे चौकड्याचं सुती कापड मिळतं त्याचा एप्रन मी करून बघितलाय, लाल घागऱ्यावर निळा-पांढरा चौकडा असा उठून दिसतो की विचारू नका.

खांद्यावरचा रुमाल तीस इंच चौरस, सुती, बारीक फुलांचा, जुनी कॉटनची ओढणी कापली तरी झालं, तिरका दुमडून मागे टोक, पुढची दोन टोकं अंगीत खोचायची आणि आतून सेफ्टीपिन.

टोपडं मात्र जीव लावून करा, सगळा चेहरामोहरा त्यानेच बदलतो. बाळाचं टोपडं ज्या बाईने शिवलंय तिला हे येतंच, तीन तुकडे, एक मधली पट्टी कपाळापासून मानेपर्यंत, पाच इंच रुंद, आणि दोन बाजूचे गोल कडेचे तुकडे कानावरून येणारे. डोकं मोजूनच कापा, प्रत्येकीचं माप वेगळं. अस्तर पांढरं, बाहेरून काळं किंवा लाल किंवा बारीक फुलांचं. पुढच्या कडेला दीड इंच सुती लेस, थोडी चुणून. डेन्मार्कात टोंडर गावची बॉबिनवर विणलेली लेस प्रसिद्ध होती, सधन बायकांच्या टोप्यांना ती लागायची, आपण आपली साधी सुती लावायची पण कांजी करून ताठ. कांजीसाठी भाताची पेज वस्त्रगाळ करून घ्या, जराही शीत राहता कामा नये, लेस त्यात बुडवून पिळा, ओली असतानाच बोटाने घड्या सारख्या करा आणि अर्धवट ओली असताना इस्त्री फिरवा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच करायचं, आधी केलं तर दमट हवेत लेस पुन्हा मान टाकते. केसांचा अंबाडा खाली मानेवर, टोपड्याच्या आत. गजरा नको, मुलींना हवा असतो मला माहितीये, पण या पोशाखावर नको.

मुलग्यांचं लवकर होतं. झगा तोच, मापं वाढवून, लांबी ३० इंच, म्हणजे तो सदरा झाला. वर पट्ट्यांच्या कापडाची बंडी, पुढे बटणांच्या दोन ओळी, आठ-आठ. तिकडे ही बटणं चांदीची असायची, आपण पांढऱ्या धातूची लावू, आणि जास्त संख्येने करायची असतील तर सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी करणारे कारागीर आहेत, त्यांना गोल लाकडी बटणं कातून द्याल का विचारा, चंदेरी रंगवली की लांबून कोणाला कळत नाही, आणि धातूसारखी काळी पडत नाहीत. तुमान गुडघ्याच्या खाली संपणारी, जुन्या काळ्या फुलपँटी कापून करा, खाली पट्टी आणि बाहेरच्या बाजूला तीन बटणं. "सात उड्या" असेल तर गुडघ्याला आतून त्याच कापडाचं ठिगळ आधीच लावून ठेवा. पायात पांढरे फुटबॉलचे लांब मोजे, तुमानीच्या पट्टीत खोचलेले. डोक्याला लाल लांबुळकी टोपी गोंड्याची, खरी विणलेली असते, आपण लाल होजियरीचं कापड घ्यायचं, डोक्याच्या घेरापेक्षा इंचभर कमी, वर निमुळती करत सोळा इंचांवर बंद, टोकाला लोकरीचा गोंडा.

बुटांचा विचार कोणी करत नाही. रबरी तळाचे बूट गिरकीत जमिनीला पकडतात आणि गुडघा मुरगळतो, मंडपातल्या मॅटवर तर जास्तच. चामडी नायतर गुळगुळीत तळाचे काळे बूट बघा, नसतील तर शाळेच्या बुटांच्या तळाला रंगीत तालमीच्या आधीच जुन्या नरम चामड्याचा तुकडा चांभाराकडून चिकटवून घ्या, आणि त्याच बुटांत तालीम करा.

वेळेचं म्हणाल तर गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत असतं, कापड दिवाळीच्या आधी आलेलं बरं, दिवाळीनंतर सगळ्या शिंप्यांकडे लग्नाची गर्दी सुरू होते. काम वाटून घ्या, ज्यांना मशीन येत नाही त्या आज्या धावदोऱ्याच्या तीन ओळी आणि काजटाका तुमच्या-माझ्यापेक्षा सुबक करतात, त्यांना दुपारी अंगणात बसवा आणि चहा द्या. अमेरिकेतल्या डॅनिश वस्त्यांत हे काम असंच गटागटाने चालायचं आणि अजून चालतं, एल्क हॉर्नला मे महिन्याच्या शेवटी टिवोली फेस्ट असतो, सोलव्हँगला १९३६ पासून डॅनिश डेज, तिथे लहान पोरं नाचतात त्यांच्या अंगावर कित्येकदा आईने नायतर आजीने शिवलेलंच असतं.

कार्यक्रम झाला की सगळं त्याच दोन दिवसांत धुवा, घाम कापडात मुरू देऊ नका. लाल वेगळं, पांढरं वेगळं, काळी अंगी थंड पाण्यात आणि उलटी वाळवायची. महत्त्वाचं म्हणजे कांजी पूर्ण काढून टाकायची, कांजीचं कापड ठेवलं की झुरळं आणि कसर त्यावर येते आणि पावसाळ्यात त्याच्यावर आधी बुरशी धरते. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नका. जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून, मधे वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून, पत्र्याच्या ट्रंकेत, आणि ट्रंक जमिनीला न टेकता पाटावर. दशावताराच्या कंपन्यांचे पेटारे कसे ठेवतात ते बघितलं असेल तर तसंच. ऑक्टोबरचं ऊन पडलं की एकदा सगळं बाहेर काढून झटकायचं, साखळ्या आणि पितळी कड्या चिंचेच्या कोळाने घासून लगेच पुसून कोरड्या करायच्या.

घागरे सगळे एकसारखे दिसतात आणि मेकअपच्या खोलीत कुठला कोणाचा यावरून गोंधळ होतोच. त्यासाठी कंबरपट्टीच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याने नावाची आद्याक्षरं आणि साल उलट्या-सुलट्या फुलीच्या टाक्यात भरून ठेवा. डॅनिश घरांमध्ये लिननच्या कपड्यांवर अशीच लाल फुलीच्या टाक्यातली अक्षरं असायची. घागरा पुढच्या मुलीकडे गेला की जुनी अक्षरं उसवायची नाहीत, तिची त्याच्या खाली भरायची.